न कळण्याचे कौतुक

माराकेशच्या जेमा-अल-फना चौकात संध्याकाळी पोचणाऱ्या प्रवाशाला शहर आधी ऐकू येते. गारुड्यांची वाद्ये, ग्नावा वादकांच्या लोखंडी चिपळ्या, खाद्यपदार्थांच्या ठेल्यांवरच्या हाका, कुतुबिया मशिदीची बांग. एलियास कानेट्टी १९५४ साली येथे आला तेव्हा त्याने अरबी वा अमाझिग भाषा हेतुपुरस्सर शिकून घेतली नाही. अपरिचित ध्वनींचे सामर्थ्य अर्थज्ञानाने उणावेल, अशी त्याची धारणा होती. १९६८ साली प्रसिद्ध झालेले त्याचे माराकेशवरील पुस्तक या न कळण्यावरच उभे आहे, आणि ते सुंदर आहे.

परंतु एका लेखकाला शोभलेली ही भूमिका लाखो पर्यटकांची सवय होते तेव्हा काय घडते? गारुडी, माकडवाले, मेंदी काढणाऱ्या बायका यांना भाषेची अडचण नाही; दिरहॅम तिकडे सहज वळतात. कथेकऱ्याजवळ मात्र भाषेखेरीज काहीच नसते. त्याच्याभोवतीचे श्रोत्यांचे कडे, म्हणजे ‘हल्क़ा’, ज्यांना कथा कळते त्यांचेच असते. सर्वांत मोठी गर्दी कथेकऱ्यांभोवती जमते, असे कानेट्टीनेच नोंदवले आहे. आज त्या चौकात कथेकरी शोधावे लागतात. दूरचित्रवाणीचा वाटा यात आहेच. पण चौकाची मिळकत कोणाच्या हाती आहे, हेही पाहिले पाहिजे.

विरोधाभास असा, की २००१ साली युनेस्कोने या चौकाचा गौरव केला तो त्याच्या मौखिक परंपरेसाठी. त्यामागे हुआन गोयतिसोलो या स्पॅनिश कादंबरीकाराचे प्रयत्न होते. तो माराकेशमध्ये राहिला, तेथील बोली अरबी, म्हणजे दारिजा, शिकला आणि २०१७ साली तेथेच निवर्तला. परक्यालाही त्या कड्यात बसता येते, हे त्याने दाखवून दिले.

अलीकडे काही तरुण वृद्ध कथेकऱ्यांकडून कथा शिकून त्या इंग्रजीतही सांगतात. उपक्रम स्वागतार्ह आहे. मात्र पाहुण्याच्या सोयीसाठी दर वेळी कथेनेच भाषा बदलावी, ही अपेक्षा न्याय्य नाही. चार दिवसांच्या प्रवाशाने दारिजा शिकावी असे कोणी म्हणणार नाही. साहित्याच्या अभ्यासकाने मात्र न कळण्याला रसिकता समजू नये. एखादा दुभाषी सोबत घ्यावा, कड्याच्या कडेला बसून कथा संपेपर्यंत ऐकावी आणि इतर श्रोत्यांप्रमाणे तिचे मोल द्यावे. एवढे कोणालाही शक्य आहे.