कापूर कुठे गेला?

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला धाकटी पंढरी म्हणतात. गडाच्या परिसरात वाढणाऱ्या मुलांना आरतीच्या तबकातला कापूर काही नवा नाही. डबीतली कापराची वडी हळूहळू झिजते, हेही त्यांनी पाहिलेले असते. म्हणून तर घरची मोठी माणसे डबीत चार मिरे टाकून ठेवतात. हीच मुले शाळेत ‘स्थायूचे थेट वायूत रूपांतर म्हणजे संप्लवन’ ही व्याख्या पाठ करतात, उदाहरण म्हणून कापूर लिहितात आणि गुणही मिळवतात. मात्र वहीतला कापूर आणि देवघरातली डबी यांचा संबंध जोडायला त्यांना कुणी सांगत नाही.

यावर उपाय म्हणून शाळांत प्रयोग करून दाखवले जातात. उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ किंवा उणे १९६ अंशांचा द्रव नायट्रोजन आणला, की पांढरे ढग निघतात आणि टाळ्या पडतात. असे कार्यक्रम जरूर व्हावेत. पण नुसते पाहून किती समजते? हार्वर्ड विद्यापीठातल्या कॅथरीन क्राउच, एरिक मझूर आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हेच तपासले होते. प्रयोग फक्त पाहिलेल्या विद्यार्थ्यांची समज, प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा फारशी पुढे नव्हती. काय होईल याचा अंदाज आधी बांधून मग प्रयोग पाहिलेल्यांना मात्र तो अधिक समजला. ते विद्यार्थी महाविद्यालयीन होते. पण सहावीच्या मुलांना नुसती जादू पुरेल, असे मानायला काही आधार नाही.

अंदाज विचारला की मुलांच्या मनातले बाहेर येते. न्यूझीलंडमध्ये ऑस्बोर्न आणि कॉसग्रोव्ह यांनी १९८३ साली मुलांना उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांत काय असते, असे विचारले. हवा, उष्णता, ऑक्सिजन-हायड्रोजन अशी उत्तरे आली. पाण्याची वाफ हे बरोबर उत्तर मोठ्या वर्गांतल्याही अनेकांना देता आले नाही.

बर्फ घातलेल्या पेल्याबाहेर थेंब येतात, तेव्हा आपल्याकडचे मूल ‘पाणी पाझरले’ म्हणेल. त्याला हसू नये. घरचा माठ खरोखरच पाझरतो, मग पेला का पाझरू नये? यावर व्याख्या सांगण्यापेक्षा पेल्यातल्या पाण्यात शाई टाकावी. बाहेरचे थेंब बिनरंगी दिसले, की पोरे आपापसातच वाद घालू लागतात. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात हे थेंब कमी आणि उशिरा येतात, आषाढात भराभर जमतात. माठाचे नेमके उलटे: कोरड्या हवेत तो छान गार करतो, पावसाळ्यात करत नाही. दोन्हींमागे हवेतली वाफच आहे, हे कोडे मुलांनाच सोडवू द्यावे.

या धड्याचा संबंध भाजण्याशीही आहे. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेच एक ग्रॅम उकळते पाणी अंगाच्या तापमानापर्यंत निवताना जेमतेम ६३ कॅलरी देते. कुकरच्या वाफेचा चटका एवढा का भाजतो, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. त्यामुळे उकळण्याचा प्रयोग शिक्षकांनीच करावा आणि मुलांना लांब बसवावे.

साध्या सामानाचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे, आणि बीडमध्ये ते सर्वांत मोठे. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला निघालेल्या आईबापांबरोबर अनेक मुले जातात. प्रयोगांची गाडी गावात वर्षातून एकदा येणार, त्या दिवशी हे मूल कारखान्याच्या परिसरातल्या कोपीवर असणार. पेला, माठ, शाई आणि कापूर मात्र तिथेही मिळतात. जाण्याआधी शाळेने चार प्रश्न वहीत लिहून दिले, तर धडा त्याच्यासोबत जातो.

त्यातला एक प्रश्न मिऱ्यांचा असावा. सारख्याच दोन डब्यांत सारख्या वजनाचा कापूर ठेवायचा, एकीत मिरे घालायचे, दोन्हींची झाकणे घट्ट लावायची. तिसरी डबी उघडी. कापूर तोंडात घालायचा नाही आणि जवळ दिवा नको. महिन्याने तिन्हींतला कापूर तोलायचा; वजनासाठी सोनाराचा काटा चालेल. पण कुठल्या डबीतला कापूर जास्त उरेल, हे वहीत आधीच लिहून ठेवायचे, आजीचेही मत विचारून.