तिसरीच्या वर्गाचा आठवडा

विधिमंडळात, वृत्तपत्रांत आणि आपल्या पक्षाच्या शिबिरांतही शिक्षणावर पुष्कळ बोलले जाते. विद्यापीठांची स्वायत्तता, प्रवेशपरीक्षांतील गैरव्यवहार, खासगी महाविद्यालयांची फी, पहिलीपासून हिंदीचा २०२५ सालचा वाद हे विषय त्यात येतात, आणि ते यायलाच हवेत. परंतु जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीच्या वर्गात बसलेले आठ वर्षांचे मूल सोमवार ते शनिवार नेमके काय करते, हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. सार्वजनिक वित्तव्यवहार हा विषय मी आयुष्यभर शिकवला, अंदाजपत्रकातील शिक्षणावरच्या तरतुदींचे तक्ते फळ्यावर मांडले, पण त्या तरतुदीचे शेवटचे टोक असलेल्या वर्गात पाऊल टाकले नाही. निवृत्तीनंतर मराठवाड्यातील एका दोनशिक्षकी शाळेत आठवड्यातून एक दिवस जाऊन बसू लागलो, तेव्हा तक्त्यांत न दिसलेल्या पुष्कळ गोष्टी दिसू लागल्या.

शाळा चौथीपर्यंतची. एका शिक्षकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. दिवसाची सुरुवात परिपाठाने होते : राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या. त्यानंतर मराठी, गणित, परिसर अभ्यास, इंग्रजी. अधूनमधून कला, कार्यानुभव आणि खेळ. तिसरीच्या गणितात तीन अंकी संख्या आणि हातच्याची वजाबाकी येते. गुणाकार केवळ पाढे म्हणण्यापुरता न राहता त्याचा अर्थ कळावा, अशी अपेक्षा असते. परिसर अभ्यासाचे पुस्तक तर प्रत्येक जिल्ह्यासाठी वेगळे काढले जाते. मूल आपल्या जिल्ह्याचा नकाशा आयुष्यात प्रथम उघडते, आपला तालुका शोधते, आणि ज्या नदीत आजोबांनी बैल धुतले ती नकाशावर निळी रेघ होऊन वाहते हे पाहून थक्क होते. १९६७ साली स्थापन झालेल्या आपल्या पाठ्यपुस्तक मंडळाचे हे काम खरोखर चांगले आहे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. दुपारी खिचडी होते. शनिवारी सकाळची शाळा.

ऐकताना हा आठवडा भरगच्च वाटतो. आता त्याचा हिशेब मांडू.

तासांचा हिशेब

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन झाले पाहिजे. सहा दिवसांचा आठवडा धरला तर हे आठवड्याला २४ तास होतात. परंतु ज्या शिक्षकासमोर तिसरी आणि चौथी शेजारी-शेजारी बसली आहे, त्याच्याकडून तिसरीला मिळणारा वेळ याच्या निम्मा, म्हणजे १२ तास. उरलेले १२ तास मुले फळ्यावरचे उतरवून घेतात, पाढे लिहितात, किंवा वाट पाहतात. तिसरीचे मूल आठवड्यात सर्वाधिक काय करते, असे कोणी मला विचारले तर माझे उत्तर हेच राहील : ते वाट पाहते.

यात कायद्याचा कोठे भंग झालेला नाही, ही खरी गंभीर गोष्ट आहे. त्याच परिशिष्टात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असे प्रमाण ठरवलेले आहे. शिक्षक डोक्यांच्या संख्येवर दिला जातो, इयत्तांच्या संख्येवर नव्हे. शहरातल्या मोठ्या शाळेत हे प्रमाण वाजवी ठरते, कारण तेथे एका इयत्तेचीच तीस-पस्तीस मुले असतात. वाडीवस्तीवर मात्र त्याचा अर्थ एका शिक्षकाने दोन, पाचवीपर्यंतची शाळा असेल तर तीन इयत्ता सांभाळाव्यात असा होतो. समान नियम विषम परिस्थितीला लावला की विषमता कायदेशीर होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

बहुवर्ग अध्यापन अशक्य आहे, असे मी म्हणत नाही. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथे त्यासाठी साहित्य आणि पद्धती विकसित झाल्या, आणि आपल्याकडेही अनेक शिक्षक मुलांचे गट पाडून हे काम कौशल्याने करतात. मी ज्यांच्या वर्गात बसतो ते गुरुजी चौथीच्या मुलीकडून तिसरीच्या मुलाला वाचून दाखवायला लावतात, आणि त्यात दोघांचेही शिकणे होते. पण या पद्धतीला पूर्वतयारी लागते, आणि त्याहूनही अधिक शिक्षकाची वर्गातली अखंड उपस्थिती लागते. नेमके तेच त्याला मिळू दिले जात नाही. मतदार यादीचे काम, सर्वेक्षणे, ऑनलाइन माहिती भरणे, कार्यक्रमांची छायाचित्रे पाठवणे, खिचडीच्या तांदळाचा हिशेब ठेवणे. कायद्याच्या २७ व्या कलमाने जनगणना, आपत्ती-निवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे. परंतु अपवादाच्या दारातून सारी कचेरी वर्गात शिरली आहे. एका दुपारी गुरुजी भ्रमणध्वनीवर तातडीची माहिती भरत होते, तेव्हा तिसरीतला एक मुलगा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "आजोबा, सरांचं होईपर्यंत तुम्ही वजाबाकी सांगता का?" त्याला पाचशेतून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करायचे होते, आणि शून्याकडून हातचा कसा घ्यावा, हे त्याला उमगत नव्हते. एवढ्या साध्या प्रश्नासाठी तो वीस मिनिटे थांबला होता.

तिसरीच का?

तिसरीवर मी इतका भर का देतो, असे वाचक विचारतील. दुसरीपर्यंत मूल वाचायला शिकते. तिसरीपासून त्याने वाचून शिकायचे असते. परिसर अभ्यासाचे पान, गणितातले शाब्दिक उदाहरण, पुढे इतिहास आणि विज्ञान, सारे काही त्याला वाचता येते असे गृहीत धरून लिहिलेले असते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही पायाभूत टप्पा दुसरीपर्यंत आणि पुढचा टप्पा तिसरीपासून अशीच विभागणी केली आहे. २०२१ साली केंद्र सरकारने 'निपुण भारत' ही मोहीम काढली. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी आकडेमोड यावी, यासाठी २०२६-२७ ही मुदत त्या वेळी जाहीर झाली.

वस्तुस्थिती काय आहे? 'असर' पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांत तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के होते. कोरोनाच्या काळानंतर, २०२२ मध्ये, ते १६.३ टक्क्यांपर्यंत घसरले. २०२४ मध्ये ते २३.४ टक्क्यांवर आले. ही वाढ लहान नाही. सरकारी शाळांतील शिक्षकांनी घसरण भरून काढून आधीच्या पुढे मजल मारली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. परंतु चारांतील तीन मुले अद्याप उंबरठ्याबाहेरच उभी आहेत. त्यांना कोणी नापास करत नाही. ती चौथीत जातात, पाचवीत जातात, आणि एके दिवशी पटावरून दिसेनाशी होतात. आपण त्याला गळती म्हणतो, जणू काही छपरातून पाणी ठिबकावे तशी ती आपोआप होते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांबाबत तर हा आठवडाच वर्षाच्या मध्यावर तुटतो. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या भागांतून टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम आटोपून मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. हातच्याची वजाबाकी ज्या महिन्यांत शिकवली जाते, त्या महिन्यांत ते मूल फडाच्या कडेला धाकट्या भावंडाला सांभाळत असते. साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहांची योजनाही आहे. परंतु टोळी गेल्यावर वसतिगृह सुरू झाले तर त्याचा उपयोग काय? आई-बापांनी बैलगाडीत वा ट्रकमध्ये मूल चढवण्यापूर्वी गावात त्याच्या जेवणाची आणि निजण्याची सोय दिसली पाहिजे. तरच ती त्याला मागे ठेवतील.

'परवडत नाही' म्हणजे कोणाला?

या साऱ्यावर शासनाचे उत्तर एका शब्दात असते : पटसंख्या. महाराष्ट्रात २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळा १४ हजारांहून अधिक आहेत, असा आकडा २०२३ साली पुढे आला आणि त्यांच्या जागी समूहशाळा करण्याचा प्रस्ताव निघाला. त्याच सुमारास धनिकांनी आणि कंपन्यांनी सरकारी शाळा दत्तक घ्याव्यात, अशी योजनाही जाहीर झाली. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा शिक्षक संघटनांना आंदोलन करावे लागले. दरडोई खर्च फार येतो, म्हणून लहान शाळा परवडत नाही, असा हा युक्तिवाद आहे.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या युक्तिवादातील खोट दाखवणे भाग आहे. वस्तीवरची शाळा बंद केल्याने खर्च नाहीसा होत नाही, तो फक्त खाते बदलतो. शासनाच्या वहीतून तो निघतो आणि मजूर आईच्या वहीत चढतो. मुलाला तीन किलोमीटर सोडून यायचे तर तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. ओढा ओलांडावा लागत असेल तर पावसाळ्यात मूल घरी राहते. मुलगी असेल तर बहुधा कायमचीच राहते. या खर्चाची नोंद कोणत्याही अंदाजपत्रकात होत नाही, म्हणून तो नाही असे मानणे हे शास्त्र नव्हे. ती सोयीस्कर आंधळेपणाची पद्धत आहे. सरासरी खर्चाचीच कसोटी लावायची तर डोंगरावरचा दवाखाना आणि आदिवासी पाड्यावरचा रस्ताही परवडणार नाही.

पालक स्वतःच इंग्रजी माध्यमाकडे वळले, त्याला शासन काय करणार, असेही विचारले जाते. हा आक्षेप मी हलक्याने घेत नाही. आमच्या गावातूनही पिवळी बस जाते आणि तीत शेतमजुरांचीही मुले असतात. परंतु ज्याच्या शाळेत शिक्षक अर्धा आहे, त्याने कर्ज काढून दुसरी शाळा शोधली तर त्याला स्वेच्छेची निवड म्हणता येत नाही. आधी सार्वजनिक व्यवस्था अपुरी ठेवायची, मग लोक ती सोडून जातात हे तिच्या नालायकीचा पुरावा म्हणून दाखवायचे आणि शेवटी ती बंद करायची, हा क्रम आपण एस. टी. आणि सरकारी रुग्णालये यांच्या बाबतीतही पाहिला आहे.

हा वाद नवा नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात रयतेच्या श्रमातून येणारा महसूल वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि त्याच रयतेची मुले प्राथमिक शिक्षणाला वंचित राहतात, हे स्पष्टपणे मांडले होते. बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती. १९११ साली गोखल्यांनी मांडलेले प्राथमिक शिक्षणाचे विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. छत्रपती शाहू महाराजांनी मात्र १९१७ साली कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा निर्णय घेतला. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्चाची आणि समान शाळा पद्धतीची शिफारस केली. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही धोरणांनी ते ६ टक्के पुन्हा मान्य केले, आणि आजवर एकाही सरकारने ते गाठले नाहीत. जे संस्थानी तिजोरीला शतकापूर्वी परवडले, ते आज 'परवडत नाही' कसे?

आता थोडे आपल्याविषयी. डाव्या आणि समाजवादी चळवळीने शिक्षणाचे लढे दिले, पण त्यांत फीवाढ आणि वेतनश्रेणी यांना जितकी जागा मिळाली, तितकी वर्गातल्या शिकण्याला मिळाली नाही. शिक्षक संघटना आपल्या मित्र आहेत. म्हणूनच त्यांना हे सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे, की तिसरीच्या मुलाला वाचता येते की नाही, हा प्रश्न त्यांच्याही मागणीपत्रात वरच्या जागी आला पाहिजे. कामचुकार शिक्षक नाहीतच, असा पवित्रा घेतल्याने आपली बाजू बळकट होत नाही. खिचडी शिजवणाऱ्या बायांसाठी केंद्राने २००९ साली दरमहा १००० रुपये मानधनाचा निकष ठरवला. राज्ये त्यात आपली भर घालतात, तरी ते किमान वेतनाच्या जवळपासही पोहोचत नाही. शाळेतला हा सर्वांत स्वस्त श्रम आपल्याही नजरेतून सुटला आहे.

मागण्या साध्या आहेत. तिसरीपासून प्रत्येक इयत्तेला स्वतंत्र शिक्षक, पट कितीही असो. अशैक्षणिक कामांसाठी पंचायत पातळीवर वेगळा कर्मचारी. हंगामी वसतिगृहे दिवाळीपूर्वी सुरू. वस्तीवरची शाळा ग्रामसभेच्या संमतीवाचून बंद न करणे. आणि या मागण्यांमागे बळ उभे करायचे तर साधन हाताशी आहे : शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. बहुतेक गावांत ही समिती केवळ कागदावर सह्या करते. ती जागी करणे हे कार्यकर्त्यांचे काम आहे.

माझी सूचना एवढीच आहे. प्रत्येक साथीने आपल्या गावच्या शाळेत महिन्यातून एका शनिवारी सकाळी जावे, शिक्षकाची परवानगी घेऊन तिसरीच्या ओळीत मागे बसावे, आणि मुलांना एक पान वाचून दाखवायला सांगावे. किती मुलांना वाचता आले, शिक्षक किती वेळ वर्गात होता, त्याला कोणत्या कामाने बाहेर खेचले, याची नोंद करून ती पुढच्या ग्रामसभेत वाचावी. शिक्षकाला आरोपी करण्यासाठी हे करायचे नाही. त्याला वर्गात परत आणण्यासाठी करायचे आहे.

त्या मुलाला हातच्याची वजाबाकी पुढच्या आठवड्यात जमली. त्याला बुद्धी कमी नव्हती. समजावून सांगणारे माणूस वीस मिनिटे कमी होते. राज्यातल्या अशा सगळ्या मुलांची ही वीस-वीस मिनिटे कोणी खाल्ली, याचा जाब विचारणे हेही राजकारणच आहे, आणि ते आपण करायला हवे.