नातीचा नंबर

गेल्या दिवाळीत आम्ही दोघे, म्हणजे मी आणि माझी नऊ वर्षांची नात, वरळीच्या बसथांब्यावर उभे होतो. समोरून बस येताना दिसली.

"आजोबा, कितव्या नंबरची आहे हो?"

आता आली का पंचाईत! माझा नेहमीचा चष्मा दुरुस्तीला गेलेला, नाकावर जुना. मीच तिला विचारणार होतो. बस निघून गेली. पण खरी काळजी निराळीच होती. चष्मा तर तिच्याही नाकावर होता, वर्षापूर्वीच केलेला.

डॉक्टरांनी तपासले. आठव्या वर्षी सव्वा असलेला नंबर दोनावर गेला होता. आमच्या घराण्यात दागदागिने बेताचेच. उणे नंबर मात्र पिढीजात. माझा नऊ आहे. पन्नाशीत माझ्या एका डोळ्याचा आतला पडदा फाटला, लेसरने कसाबसा वाचला. मोठ्या नंबराच्या डोळ्याला हे भय जन्माचे असते. म्हणून "चष्म्यात काय मोठेसे?" असे कोणी म्हटले, की मी गप्प बसतो.

एका चष्मेवाल्याने सल्ला दिला, "थोडा कमी नंबर द्या, डोळा आळशी होणार नाही." हे ऐकतच मी वाढलो. पण २००२ साली मलेशियातल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कमी नंबर दिलेल्या मुलांचाच नंबर अधिक वेगाने वाढलेला आढळला!

गोष्ट अशी, की या मुलांचे डोळे वाढत्या वयात प्रमाणाबाहेर लांबतात. मिलिमीटरभर लांबले, की नंबर अडीच-तीनने चढतो. साधा चष्मा लांबचे स्पष्ट दाखवतो. लांबणे थांबवत नाही. डॉक्टरांनी सुचवलेल्या मऊ लेन्सचा मधला भाग नेहमीसारखा असतो, पण त्याभोवतीची काही कडी प्रकाश पडद्याच्या अलीकडे आणतात. 'पुरे आता, वाढू नकोस' अशी खूण त्यातून डोळ्याला मिळते, असे शास्त्रज्ञ मानतात. आठ ते बारा वर्षांच्या मुलांवर चार देशांत तीन वर्षे प्रयोग झाला. साध्या लेन्सवाल्यांचा नंबर सरासरी १.२४ ने वाढला, या लेन्सवाल्यांचा ०.५१ ने. त्या लेन्सला अमेरिकेच्या सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये मान्यता दिली. चढलेला नंबर मात्र तिने उतरत नाही, हे आधीच समजून घ्यावे.

सूनबाई बिथरली. "बाबा, एवढ्याशा पोरीच्या डोळ्यात रोज बोट घालायचे?" तिची भीती खोटी नव्हती. निष्काळजीपणाने बुबुळाला जखम होऊन दृष्टी जाऊ शकते. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे, लेन्सला नळाचे पाणी लावायचे नाही, ती घालून झोपायचे किंवा पोहायचे नाही, डोळा लाल झाला की लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. रोज नवी जोडी, जुनी फेकायची. वर्षाला सातशे तीस लेन्सा! हिशेब मांडताना चिरंजिवांचा चेहरा पाहण्यासारखा होता. ज्यांना हे झेपत नाही त्यांच्यासाठी डॉक्टर अॅट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा खास काचांचा चष्माही सुचवतात. आणि उघड्यावर खेळणे तर फुकट आहे. तैवानने २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढले. नंबर लागण्याआधी त्याचा उपयोग अधिक, म्हणून नातीच्या धाकट्या भावाला मी रोज जांबोरी मैदानावर सोडतो.

निर्णय अखेर नातीनेच घेतला. पहिल्या सकाळी आरशासमोर पाऊण तास गेला, शाळा बुडाली, एक लेन्स बेसिनमध्ये गेली. सूनबाई डोळे पुसत होती, नात मात्र चिकाटीने डोळा उघडा धरून होती.

परवाच्या तपासणीत नंबर पावानेच वाढलेला निघाला. "एका वर्षावरून काही ठरत नाही," डॉक्टरांनी बजावले आणि डोळ्याची लांबी कागदावर टिपून ठेवली. परतताना थांब्यावर नातीने लांबूनच बसचा नंबर वाचला आणि माझा हात धरून मला चढवले.