वेशीवरचा पहारा आणि गल्लीतला शेजार



नेदरलँड्समधील अनेक वसाहतींत शिरताना रस्त्याच्या तोंडाशी, दिव्याच्या खांबावर एक लहानशी पाटी लावलेली दिसते. येथील रहिवासी व्हॉट्सअ‍ॅपद्वारे परस्परांच्या घरांवर लक्ष ठेवतात आणि पोलिसांच्या संपर्कात असतात, असा तिचा आशय. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे अशा पाटीपलीकडे राहतात. परंतु त्या गटात सामील झालेली फार थोडी. काहींना आमंत्रण आले आणि त्यांनी ते टाळले. 'पोलिसांच्या भानगडीत आपण कशाला पडावे?' हे उत्तर मी सुशिक्षित, उत्तम नोकरी असलेल्या बांधवांकडून ऐकले आहे. यंदाच्या स्मरणिकेत या उत्तराचा विचार व्हावा असे वाटते, कारण ते केवळ आळसातून आलेले नाही.

आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके गावाचा पहारा केला. वेसकर म्हणून रात्री वेशीवर उभे राहावयाचे, परक्या माणसाची वर्दी पाटलाला द्यावयाची, चोराचा माग काढावयाचा, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवावयाचे. ज्या गावाचे रक्षण करावयाचे, त्या गावात मात्र घर नाही; घर वेशीबाहेर. मोबदला म्हणजे वतनाचा जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेले बलुते. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले, ते या सक्तीच्या सेवेतून समाजाला मोकळे करण्यासाठी. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बिनहक्काचा पहारा केला, त्यांच्या नातवंडांना पहारा हा शब्दच नकोसा वाटला तर नवल नाही.

पोलिसांविषयीची आठवण त्याहून ताजी आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात, पुतळ्याच्या विटंबनेने संतप्त झालेल्या जमावावर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला आणि १० जण मृत्युमुखी पडले. आपल्या पिढीतील बहुतेकांना तो दिवस आपण कोठे होतो यासह आठवतो. त्यांच्या डोळ्यांपुढे खाकी गणवेश उभा राहतो तो असा. येथील गणवेशाचा रंग निराळा आहे एवढ्याने मनातील गाठ सुटत नाही.

तरीही येथील व्यवस्था नीट समजून घेणे अगत्याचे आहे. २०१३ पासून या देशात एकच राष्ट्रीय पोलीस दल आहे. त्यापूर्वी २५ प्रादेशिक दले होती. त्यात 'वाइकआखेंट' नावाचा जो शिपाई असतो, तो एका ठराविक वस्तीसाठी नेमलेला असतो. दर ५००० रहिवाशांमागे असा एक पोलीस असावा, असे कायद्यातच म्हटले आहे. (मनुष्यबळ अपुरे पडले की याच शिपायांना दुसरीकडे पाठविले जाते, ही तक्रार डच लोकही करतात.) शाळेपासून मशिदीपर्यंत सर्वत्र त्याने फिरावे, माणसे ओळखावीत, आणि गुन्हा घडण्यापूर्वी काही करता आले तर करावे, अशी अपेक्षा. त्याचे नाव व संपर्क पोलिसांच्या संकेतस्थळावर पिनकोड टाकताच मिळतो. आपल्यापैकी किती जणांना ते नाव ठाऊक आहे?

वैद्यक व्यवसायामुळे मला या विषयातील एक गोष्ट विशेष लक्षणीय वाटते. घरफोडी काही अंशी साथीच्या रोगासारखी पसरते. एका घरी चोरी झाली की पुढील काही आठवडे त्याच घराला आणि लगतच्या घरांना धोका वाढतो, हे निरनिराळ्या देशांतील संशोधकांनी दाखविले आहे. चोराला रस्ता, कुलपे, मागची पाऊलवाट माहीत झालेली असते. तो परत येतो. म्हणून पहिल्या चोरीची बातमी शेजाऱ्यांना त्याच संध्याकाळी कळणे हे लसीकरणाइतके मोलाचे ठरते. टिलबर्ग शहरात शेजाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांचा अभ्यास झाला तेव्हा घरफोड्या लक्षणीय प्रमाणात घटल्याचे आढळले. याचे सर्व श्रेय गटांना देणे मात्र योग्य होणार नाही. १९९९ पासून नव्या घरांच्या दारे-खिडक्यांना चोरीप्रतिबंधक दर्जा सक्तीचा झाला, आणि पुढील अभ्यासात अशा घरांतील चोरीचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी आढळले. २०१२ साली देशभरात ९० हजारांहून अधिक घरफोड्या व त्यांचे प्रयत्न नोंदले गेले होते. दहा वर्षांनी हा आकडा एक-तृतीयांशाहूनही खाली आला. चांगले कुलूप आणि जागरूक शेजारी, दोहोंचाही त्यात वाटा आहे.

आता शंकेच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. पहारा करणारा कोणाला परका समजतो? काही वर्षांपूर्वी हिवाळ्यातील एका सायंकाळी एका वृद्ध रुग्णाच्या घराचा क्रमांक शोधीत मी एका गल्लीतून दोनदा फिरलो. काही मिनिटांतच पोलिसांची गाडी आली. ओळखपत्र पाहून शिपायाने सौजन्याने क्षमा मागितली. दूरध्वनी करणाऱ्याने काय सांगितले होते, असे मी विचारले. 'गडद वर्णाचा मनुष्य' एवढेच त्याच्या नोंदीत होते. माझ्या हातातील वैद्यकीय पेटी कोणाच्या नजरेस पडली नव्हती. ज्या तरुणाच्या हाती अशी पेटी नसते, त्याचा अनुभव याहून कडवट असतो, हे आपली मुले आपल्याला सांगतात. आपण ऐकले पाहिजे.

हा प्रश्न या देशात दडपलेला नाही. सीमा तपासणीत वंश हा निवडीचा एक निकष म्हणून वापरणाऱ्या लष्करी पोलिसांविरुद्ध आइंडहोव्हनचे तत्कालीन नगरसेवक म्पान्झू बामेंगा आणि अ‍ॅम्नेस्टीसह काही संघटना न्यायालयात गेल्या. खालच्या न्यायालयात २०२१ साली त्यांची हार झाली. १४ फेब्रुवारी २०२३ रोजी हेगच्या अपील न्यायालयाने मात्र ही पद्धत भेदभावाची असल्याचा निर्णय दिला. शेजाऱ्यांच्या गटांसाठीही नियम आहेत. संशयास्पद काही दिसले तर प्रथम ११२ वर पोलिसांना कळवावे, मग गटात लिहावे, आणि स्वतःला धोका न पत्करता चोराचा बेत उधळावा, असा त्यांचा क्रम. स्वतः पोलीस बनू नये, हेही त्यात आहे. वर्तन लिहावे, वर्ण लिहू नये, अशी समज चांगले गटप्रमुख देतात. पण ज्या गटात एकही सावळा चेहरा नाही, तेथे ही समज कोण मोडतो आहे हे दाखवून देणार कोण? मी स्वतः गटात राहण्याचे मुख्य कारण हेच आहे. चोरांची भीती दुय्यम.

अ‍ॅमस्टरडॅमच्या पश्चिम भागातील ओव्हरटोम्से फेल्ड वस्तीचे उदाहरण येथे आठवते. एप्रिल १९९८ मध्ये तेथील अलेबे चौकात मोरोक्कन तरुण आणि पोलीस यांच्यात मोठी चकमक झाली. देशभर त्या मुलांची बदनामी झाली. पुढच्या वर्षी त्याच वस्तीतील मोरोक्कन वडीलधारी मंडळी संध्याकाळी रस्त्यावर फिरू लागली. त्यांना 'बूर्टव्हाडर्स', म्हणजे वस्तीचे वडील, म्हणू लागले. त्यांना अटकेचा अधिकार नव्हता, हाती काठीही नव्हती. मुलगा कोणाचा, हे त्यांना ठाऊक असे. ते नावाने हाक मारीत आणि घरी पाठवीत. त्याच वेळी पोलिसांशी त्यांची नियमित बोलणी चालत, आणि तेथे ते मुलांची बाजूही मांडीत. पुढे इतर शहरांनी हा प्रयोग उचलला. ज्या समाजावर संशय होता, त्यानेच हा मान स्वतःच्या पायांनी चालून मिळविला. वेसकराचा पहारा आणि हा पहारा यांत अंतर आहे ते येथेच. हे लोक वस्तीच्या आत राहत होते, आणि आपल्या अटी स्वतः ठरवीत होते.

आपल्या महाराष्ट्रानेही असा एक धडा दिला आहे. भिवंडीने १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगली पाहिल्या होत्या. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. हिंदू आणि मुसलमान शेजारी नियमित एकत्र बसत आणि त्यांच्याबरोबर साधा पोलीस शिपाई बसे. नळाचे पाणी, भाडेकरूचा तंटा, पोरांची मारामारी, असे विषय असत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. दंगल आली त्या दिवशी कोणी कोणाची ओळख करून घेत नसते. ती ओळख चार वर्षांच्या कंटाळवाण्या बैठकांत झालेली होती.

बैठका कंटाळवाण्या असतात, हे मान्य. कुत्र्यांची विष्ठा आणि चुकीच्या जागी उभ्या केलेल्या गाड्या यांवरच येथील निम्मी चर्चा खर्ची पडते. ती सोसावी लागते.

आपल्या कुटुंबांपुरत्या दोन बाबी आवर्जून लिहावयास हव्यात. पहिली साधी आहे. उन्हाळ्यात आपण पाच-सहा आठवडे मायदेशी जातो, घर बंद असते, आणि भारतीय घरांत सोने असते हे चोरांनाही ठाऊक झाले आहे. शेजाऱ्याकडे किल्ली द्यावी, दाराशी साचणारे टपाल त्याने उचलावे असे सांगावे, आणि विमानतळावरील छायाचित्रे परतल्यावर प्रसिद्ध करावीत.

दुसरी बाब बोलावयास अवघड आहे. काही दारांच्या आतच भय असते. दवाखान्यात मी अशा जखमा पाहिल्या आहेत, ज्यांचे कारण 'जिन्यावरून पडले' असे सांगितले जाते. २०१३ पासून येथे डॉक्टरांना आणि शिक्षकांना अशा संशयाबाबत ठरलेली कार्यपद्धती पाळणे कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०१५ पासून 'फेलिख टाउस' या संस्था ०८००-२००० या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य सल्ला देतात, शेजाऱ्यालाही देतात. समाजाची अब्रू जाईल म्हणून आपण अशा वेळी गप्प बसतो. हिंदू कोड बिलासाठी मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या नेत्याचे आपण अनुयायी आहोत. भगिनींच्या बाबतीत हे मौन आपल्याला शोभत नाही.

संस्थेच्या येत्या कौटुंबिक मेळाव्यास एका वाइकआखेंटला पाचारण करावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीपुढे आहे. त्यांना विचारावयाचे प्रश्न सभासदांनी आधी लेखी पाठवावेत. वर्णावरून झालेल्या अडवणुकीचे अनुभव असतील तर तेही तारखेसह लिहावेत. डचमध्ये लिहिता येत नसेल तर मराठीत लिहावे. भाषांतर आम्ही करू.