तिघांतला एक रुसला
दौलताबादचा घाट चढताना आमची १९९६ची मारुती ८०० आचके देऊ लागली. इंजिन ७९६ सीसीचं, सिलिंडर तीनच. एक रुसला की तिसरा हिस्सा ताकद गेली आणि स्टिअरिंगला हुडहुडी. ‘कार्बुरेटरात कचरा,’ शेजाऱ्यांचं निदान. (त्यांचं प्रत्येक गाडीला हेच निदान असतं.) जालना रोडवरच्या मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने एकेक प्लगची वायर उपसली. पहिली काढली, इंजिन लटपटलं, तिसरीलाही तसंच. दुसरी काढली, तर ढिम्म! प्लग पेट्रोलने ओला. नवा घातला, तरी तेच. मग शटर ओढून अंधार केला: वायरीच्या चिरेतून निळी ठिणगी बाहेरच नाचत होती. वायरींचा सेट बदलला. कार्बुरेटर उघडावाच लागला नाही.