तेल संपणार का? मित्राला न दिलेलं उत्तर

परवा करंजा बंदरावर शाळेतला जुना मित्र भेटला. मच्छीमार आहे, नव्या बोटीसाठी कर्ज काढायचं चाललंय. म्हणाला, "तू एवढं वाचतोस, सांग बघू. जगातलं तेल संपणार म्हणतात ते खरं का? पंधरा वर्षं हप्ते फेडायचेत मला." मी चहा संपवला आणि विषय बदलला. तेव्हापासून डोक्यात तेच आहे, म्हणून ही पोस्ट.

१९५६ साली शेल कंपनीतला भूगर्भशास्त्रज्ञ हबर्ट म्हणाला होता की अमेरिकेचं तेल उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल आणि मग उतरेल. अनेकांनी त्याला वेड्यात काढलं. १९७० ला तसंच झालं! मग हाच हिशोब लोकांनी जगाला लावला. २००८ मध्ये बॅरल १४७ डॉलरवर गेलं, तेव्हा "आता संपलंच" म्हणणाऱ्यांत मीही होतो. पण अमेरिकेने खडक फोडून शेल तेल काढलं आणि २०१८ मध्ये १९७० चा विक्रम मोडला. आम्ही तोंडावर आपटलो.

मग चिंता खोटी का? तसंही नाही. लांब कशाला, आपलं बॉम्बे हाय बघा. १९७४ ला तेल लागलं, १९७६ ला उत्पादन सुरू झालं, ऐंशीच्या दशकात शिखर आलं. आज तिथून तेव्हाच्या निम्मंही तेल निघत नाही. त्यासाठीही जमिनीखाली पाणी दाबावं लागतं, नव्या विहिरी खणाव्या लागतात.

हे मच्छीमाराला समजावून सांगायची गरजच नाही. पूर्वी किनाऱ्याजवळ मासळी मिळायची, आता तेवढ्याच मासळीसाठी लांब जावं लागतं, डिझेल दुप्पट जाळावं लागतं. समुद्रातली मासळी संपली असं कुणी म्हणत नाही, पण धंदा परवडेनासा होतो. तेलाचंही तेच आहे. सोपं होतं ते आधी काढलं. आता खोल समुद्र, शेल, कॅनडाची तेलवाळू. तेल आहे, पण काढायला महाग.

दुसरी बाजूही ऐका. विजेच्या गाड्या वाढतायत, त्यामुळे तेल संपायच्या आधी मागणीच थांबेल असं काही जण म्हणतात. होईलही. पण एप्रिल २०२० मध्ये मागणी कोसळली तेव्हा अमेरिकेत तेलाचा भाव चक्क शून्याच्या खाली गेला होता. भाव असा पडला की नव्या विहिरींवर पैसा कोण लावणार? आणि पैसा लागला नाही तर काही वर्षांनी पुन्हा टंचाई. म्हणजे शिखर कधीही येवो, भावाचे हेलकावे आपल्या नशिबी आहेतच.

आणि आपण ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो. शेवटचा थेंब कधी निघेल यावर टीव्हीवर भांडत बसण्यापेक्षा पुढच्या भाववाढीला एसटी, शेतपंप आणि बोटी कशा तगतील, हे सरकारला विचारायला हवं. नुसत्या डिझेल परताव्याने ते भागणार नाही.

मित्रा, वाचत असशील तर उत्तर असं: पंधरा वर्षं डिझेल मिळेल. पण हप्त्याचा हिशोब आजच्या भावाने करू नकोस. दीडपट भाव धरून बघ, तरीही जमत असेल तर बोट घे. नाहीतर इंजिन लहान घे.

बाकीच्यांनी सांगा, माझं कुठे चुकतंय?