धावून येणार कोण?

'रॅपिड रिस्पॉन्स टीम' हे नाव ऐकूनच कसं हायसं वाटतं, नाही? वॉर्डातला पेशंट ढासळायला लागला की नर्सने एक फोन करायचा आणि आयसीयूतली अनुभवी मंडळी धावत यायची. हृदय बंद पडल्यावर नव्हे, त्याआधीच. १९९० मध्ये सिडनीच्या लिव्हरपूल हॉस्पिटलने अशी टीम उभी केली, तेव्हापासून ही कल्पना जगभर गेली. कल्पना उत्तमच आहे. माझं भांडण आहे ते ती फुकटात उरकण्याशी.

अनेक ठिकाणी टीम म्हणजे काय? तर ड्यूटीवरच्याच आयसीयू नर्सच्या गळ्यात आणखी एक पेजर. ती धावली की तिचे पेशंट शेजारणीच्या भरवशावर. इकडचा धोका उचलून तिकडे ठेवला, झालं!

आणि मुळात फोन करणार कोण? पेशंट सहसा एकाएकी कोसळत नाही. कित्येक तास आधीपासून श्वास वाढलेला असतो, बीपी उतरत असतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो. पण हे दिसायला कुणीतरी खाटेशी मिनिटभर उभं राहून श्वास मोजायला हवेत ना?

२००५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ऑस्ट्रेलियातल्या २३ हॉस्पिटलांचा अभ्यास आला. १२ ठिकाणी टीम सुरू केली होती. तिथे फोन वाढले, पण अनपेक्षित मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. धोक्याची लक्षणं नोंदलेली असूनही अनेकदा फोनच झाला नव्हता! लोक म्हणाले, टीम निरुपयोगी. मी म्हणतो, हाक मारणाराच नसेल तर टीम काय करणार? (नंतरच्या अभ्यासांत वॉर्डातले कार्डिअ‍ॅक अरेस्ट कमी झालेलेही दिसले आहेत.) आणि पेनसिल्व्हेनियातला २००२ चा अभ्यास तर सांगतो, की नर्समागे एकेक सर्जिकल पेशंट वाढला की ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त.

इंग्लंडमध्ये २०२४ पासून 'मार्थाज रूल'खाली नातेवाईकही अशी टीम बोलावू शकतात. छानच. पण तो फोन उचलायलाही माणूस लागतोच की!

तेव्हा कुठल्याही हॉस्पिटलने अशा टीमची जाहिरात केली, तर दोनच प्रश्न विचारा. रात्री तीन वाजता वॉर्डात एका नर्सकडे किती पेशंट असतात? आणि टीम धावली, की तिचे पेशंट कोण बघतं?

उत्तर आलं नाही, तर टीम फक्त जाहिरातीतच आहे असं समजा.